सेमाफोर: आधी वाचायला शिका, मग झेंडे उचला

सेमाफोर म्हणजे दोन हातांत दोन झेंडे धरून, हातांच्या कोनांतून एकेक अक्षर दाखवत लांबच्या माणसाला निरोप देण्याची रीत. ते शिकायला आलेल्या मुलांच्या हातात मी सुरुवातीला झेंडे देतच नाही. त्यावरून काही पालक नाराज होतात. पण झेंडे हातात पडले की काय होते ते मी पुष्कळदा पाहिले आहे. वाळत घातलेल्या सुक्या मासळीवरचे कावळे हाकलावेत तसे हात फिरवतात, स्वतःचे नाव 'दाखवून' मोबाईलवर व्हिडिओ काढून घेतात आणि खूश होऊन घरी जातात. समोरच्याने दाखवलेला एक शब्द वाच म्हटले की सगळे गप्प.

मी नौदलात सिग्नलमन होतो. कोचीच्या सिग्नल स्कूलमध्ये शिकलो, नोकरीची वर्षे जहाजांच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या जागी, काढली आणि आता मालवणात चिवला बीचवर सुट्टीच्या दिवशी सकाळी शाळकरी मुलांना हे शिकवतो. दाखवणारा थोडा वाकडातिकडा असला तरी चांगला वाचणारा निरोप उचलतो. वाचणारा कच्चा असेल तर समोर कितीही रेखीव हात हलू देत, कागद कोराच राहतो. म्हणून इथेही आधी वाचणे आणि मग दाखवणे, असाच क्रम ठेवला आहे.

"काका, मोबाईल असताना ह्यां कित्याक?" हा प्रश्न ठरलेला. २०२३ च्या ४ डिसेंबरला नौदल दिन आमच्या इथे तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला, तेव्हापासून तर मुले जास्तच विचारतात. माझे उत्तर असे: वायरलेसवर बोललेले दूरवर बसलेला कोणीही टिपू शकतो. झेंडे वाचायचे तर त्याला नजरेच्या टप्प्यात यावे लागते. रेडिओ बंद ठेवायचा हुकूम असतो तेव्हा, किंवा दोन जहाजे समांतर चालत भर समुद्रात एकमेकांना तेल देतात तेव्हा, एका ब्रिजवरून दुसऱ्या ब्रिजवर हातांनी निरोप देणे सोपे पडते. चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही. आणि एनसीसीच्या नौदल शाखेत जाणार असाल तर हा विषय तिथे आहेच. नौसैनिक शिबिरात त्याची स्पर्धाही असते. एवढे पटले नाही तर गंमत म्हणून शिका, माझी हरकत नाही.

सात जागा

सरळ उभे राहा. दोन्ही हात खाली, पायांपाशी. ही झाली शून्य जागा. आता उजवा हात बाजूने हळूहळू वर न्या आणि प्रत्येक ४५ अंशांवर थांबा.

१: उजवा हात खाली तिरका.
२: उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा.
३: उजवा हात वर तिरका.
४: हात सरळ डोक्यावर.
५: डावा हात वर तिरका.
६: डावा हात आडवा.
७: डावा हात खाली तिरका.

इथे उजवा-डावा म्हणजे दाखवणाऱ्याचा. समोर उभ्या असलेल्या वाचणाऱ्याला याच जागा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताना दिसतात: १ म्हणजे साडेसातची जागा, २ म्हणजे नऊची, ४ म्हणजे बाराची, ६ म्हणजे तीनची.

पाठ्यपुस्तकांत आणि नेटवर २६ माणसांच्या चित्रांचा तक्ता असतो. तो घोकू नका. तक्त्यावरून शिकलेल्या मुलाला 'एस' विचारले तर तो मनात ए पासून मोजत येतो. त्यापेक्षा मी खाली देतो तशी फेऱ्यांची रीत धरा. सगळी बाराखडी या सात जागांच्या जोड्यांत बसते, आणि त्या जोड्या ओळीने येतात.

पहिल्या फेऱ्यात एकच हात काम करतो, दुसरा खाली राहतो. ए १ वर, बी २ वर, सी ३ वर, डी ४ वर, ई ५ वर, एफ ६ वर, जी ७ वर. ए ते सी उजव्या हाताने, ई ते जी डाव्या हाताने. डी कोणत्याही हाताने चालतो, आम्ही उजव्याने करतो.

दुसऱ्या फेऱ्यात एक झेंडा १ वर पक्का बसतो आणि दुसरा २ पासून ७ पर्यंत सरकतो. त्यातून एच, आय, के, एल, एम, एन मिळतात. मधला जे गळाला, हे लक्षात ठेवा. तो पुढे वेगळ्याच ठिकाणी भेटतो.

तिसऱ्या फेऱ्यात एक झेंडा २ वर, दुसरा ३ ते ७: ओ, पी, क्यू, आर, एस.

चौथ्यात एक झेंडा ३ वर. ४ बरोबर टी, ५ बरोबर यू, ६ बरोबर वाय. ३ आणि ७ ही जोडी अक्षराची नाही, ती 'रद्द'ची खूण.

पाचव्यात एक ४ वर. ५ बरोबर 'आता आकडे' ही खूण, ६ बरोबर आपला हरवलेला जे, ७ बरोबर व्ही.

उरले तीन. ५ आणि ६ म्हणजे डब्ल्यू, ५ आणि ७ म्हणजे एक्स, ६ आणि ७ म्हणजे झेड.

संपली बाराखडी. एकहाती सात आणि दोन हातांच्या एकवीस जोड्या मिळून अठ्ठावीस. त्यांतली २६ अक्षरे आणि दोन खुणा. एकही जोडी वाया गेलेली नाही, आणि ज्याने हे बसवले त्याच्या डोक्याला मी अजून सलाम करतो.

दोन्ही झेंडे शरीराच्या एकाच बाजूला येतात तेव्हा एक हात अंगावरून आडवा न्यावा लागतो. एच, आय आणि ओ मध्ये डावा हात उजवीकडे जातो. डब्ल्यू, एक्स आणि झेडमध्ये उजवा हात डावीकडे. कोणता हात कोणत्या जागेवर आहे याने अक्षर बदलत नाही, जोडी तीच असली म्हणजे झाले. फक्त आडवा नेलेला झेंडा पोटावर किंवा छातीवर लपू देऊ नका. कंबरेतून जरासे वळा, म्हणजे तो बाहेर येतो.

आरशाची भानगड

शिकणाऱ्यांपैकी निम्मे इथे अडकतात. तुम्ही स्वतः ए दाखवता तेव्हा उजवा हात हलतो. समोरच्याने ए दाखवला की तो तुमच्या डाव्या बाजूला दिसतो. मेंदू म्हणतो, हा तर जी. एकदा एका चिमुरडीने वैतागून विचारले होते, "काका, ह्यां सगळां उलटां दिसतां, मग मी डोक्यार उभी ऱ्हवू काय?"

डोक्यावर उभे राहायची गरज नाही. पण उलट दिसणाऱ्या जोड्या वेगळ्या पाठ कराव्या लागतात. ए आणि जी, बी आणि एफ, सी आणि ई या एकहाती जोड्या सोप्या. दोन हातांत एच-झेड, आय-एक्स, ओ-डब्ल्यू, के-व्ही, पी-जे, एम-एस, क्यू-वाय. टी चे प्रतिबिंब 'आकडे' खूण, एल चे प्रतिबिंब 'रद्द' खूण. शेवटच्या दोन जोड्या सर्वांत त्रासदायक, कारण एका अक्षराच्या घोटाळ्याने अख्खा शब्द पुसला जातो किंवा पुढचा सगळा मजकूर आकड्यांत वाचला जातो.

डी, एन, आर आणि यू ही चार अक्षरे मात्र डावी-उजवीकडून सारखीच. समोरून पाहा, पाठीमागून पाहा, आरशात पाहा. वाचायला बसाल तेव्हा ही चार तुमचे खांब. ओळखीचे एक अक्षर लागले की बाजूची सुधारता येतात. यातल्याच दोघांची एक जगप्रसिद्ध गोष्ट आहे. १९५८ साली ब्रिटनमध्ये जेराल्ड होल्टम या चित्रकाराने अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी चिन्ह काढले, ते न्यूक्लिअर आणि डिसआर्मामेंट या शब्दांच्या आद्याक्षरांचे, म्हणजे सेमाफोरमधले एन आणि डी एकावर एक ठेवून. दोन्ही हात खाली तिरके आणि मधून एक उभी रेघ, भोवती वर्तुळ. टी-शर्टावर पाहिलेच असेल. मुलांना हे सांगितले की एन आणि डी कायमचे डोक्यात बसतात.

मोबाईलवर सराव करणाऱ्यांना एक इशारा. सेल्फी कॅमेऱ्यात स्क्रीनवर तुम्ही आरशासारखे दिसता. स्वतःचा ए तिथे पाहून 'असाच दिसतो' अशी खूणगाठ बांधलीत तर बरोबर उलटे शिकाल. मागच्या कॅमेऱ्याने, दुसऱ्या कोणाला तरी काढायला सांगा. नेटवरचे व्हिडिओ पाहतानाही आधी खात्री करा: ए पासून जी पर्यंत हात घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसला तर व्हिडिओ सरळ आहे.

वाचण्याचा सराव

घरात दोघे असाल तर एकाने खुर्चीत बसायचे, दुसऱ्याने समोर उभे राहून रिकाम्या हातांनी अक्षरे करायची. सुरुवातीला फक्त पहिला फेरा, उलटसुलट क्रमाने. लगेच शब्दांवर या, कारण सुटी अक्षरे ओळखणारा शब्दात गडबडतो. पहिल्या फेऱ्यावरच 'दादा', 'बाबा', 'डबा' होतात. दुसरा फेरा आला की 'मका', 'नाला', 'हळद', 'कमळ'. तिसरा आला की 'पापड', 'कोकण', 'नमस्कार'. राम राम हा शब्द आम्ही मुद्दाम पुन्हा पुन्हा घेतो, त्यातला आर ताठ आला की लांबून पाहणाऱ्यालाही बरे वाटते.

वाचणाऱ्याने नजर हलवायची नाही. अक्षर लिहायला मान खाली घातली की पुढचे अक्षर गेले. म्हणून दोघांची जोडी लागते: एक बघतो आणि मोठ्याने म्हणतो, दुसरा पाठीमागे वही घेऊन लिहितो. वाऱ्यात बी, डी, पी, टी, व्ही सगळे सारखेच ऐकू येतात. त्यामुळे अक्षराचे नाव न घेता रेडिओवरची नावे घ्या: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट, गोल्फ, हॉटेल, इंडिया, ज्युलिएट, किलो, लिमा, माईक, नोव्हेंबर, ऑस्कर, पापा, क्यूबेक, रोमिओ, सिएरा, टँगो, युनिफॉर्म, व्हिक्टर, व्हिस्की, एक्स-रे, यँकी, झुलू. मुलांना ही नावे अक्षरांपेक्षा आधी पाठ होतात, हेही बघितले आहे.

आणि वाचणाऱ्याने अंदाज बांधायचा नाही. 'कोक' आले की मनात 'कोकण' तयार होते आणि पुढचा हात काहीही दाखवत असला तरी डोळ्यांना एनच दिसतो. समोरचा 'कोकम' सांगत असेल. एन आणि एम मध्ये फरक डाव्या हाताच्या एका जागेचा: ७ की ६. दिसले ते बोला, न दिसले तर 'चुकले' म्हणा आणि पुढे चला. लिहिणाऱ्याने तिथे एक रेघ मारायची. मोकळी जागा नंतर भरता येते, चुकीचे अक्षर शोधून काढणे कठीण.

सलग वाचताना डोळ्यांना लवकर थकवा येतो. कंटाळा आला की थांबा. थकलेल्या डोळ्यांनी केलेला सराव चुका पक्क्या करतो.

आता झेंडे

झेंडे बाजारात मिळतात, पण घरी केलेले चांगले टिकतात. १८ इंच लांब, १८ इंच रुंद चौकोन. समुद्रावर लाल-पिवळा वापरतात: चौकोन तिरका कापून दोन त्रिकोण, एक लाल, एक पिवळा. पिवळा त्रिकोण काठीला लागून खालच्या बाजूला, लाल वर आणि बाहेरच्या टोकाला. जमिनीवर निळा-पांढरा वापरायची रीत आहे. रंगाला अर्थ काही नाही. निरोप सगळा हातांच्या कोनात असतो. दोन रंग एवढ्यासाठी की पाठीमागे आकाश असो, झाडी असो की काळा खडक, दोघांपैकी एक तरी उठून दिसावा.

कापड हलके घ्या. पॉपलीन उत्तम. जाड कापड ओले झाले की मनगट मोडते. काठी दोन फुटांची, बांबूची किंवा वायरिंगच्या अर्ध्या इंची पाइपाची; कापडाला नेफा शिवून काठी आत घाला आणि वर-खाली दोन टाके घालून पक्के करा, नाहीतर झेंडा काठीभोवती गुंडाळला जातो. वाऱ्याचा हा आवडता खेळ. मूठ धरायला काठी खालून सहा इंच तरी मोकळी हवी.

धरताना तर्जनी काठीवर सरळ ठेवा. त्यामुळे काठी हाताच्या रेषेत राहते. मनगट वाकले की हात २ वर आणि झेंडा ३ वर, असा प्रकार होतो. वाचणारा लांबून झेंडा पाहतो, तुमचा हात नाही. कोपर ताठ, पाय खांद्याइतके फाकलेले, तोंड सरळ वाचणाऱ्याकडे. दोन्ही झेंडे एकाच सपाटीत हवेत. एक हात पुढे झुकला तर लांबून तो आखूड दिसतो आणि कोन कळत नाही.

ए ची काळजी

इंग्रजी पुस्तकांत हे सापडणार नाही. आपण मराठी रोमन अक्षरांत पाठवतो, आणि मराठी रोमनमध्ये लिहिली की जवळजवळ प्रत्येक दुसरे अक्षर ए असते. नमस्कार, सकाळ, पावसाळा, मालवण, कुठलाही शब्द घ्या. म्हणजे उजवा हात सतत १ वर येतो. सतत येतो म्हणून तो आळशी होतो, हळूहळू ४५ अंशांवरून ३० वर, मग २० वर, आणि शेवटी लांबून पाहणाऱ्याला तो खाली सोडलेलाच वाटतो. ए गेला की मराठी शब्दाचा सांगाडा उरतो. एनएमएसकेआर वाचून नमस्कार कळेल, पण केएल वाचून काय कळायचे?

मी मुलांना ए मुद्दाम जरा वर करायला लावतो, ४५ ला थोडा अधिकच. शिस्तीत बसत नाही, परीक्षेला जाताना सोडून द्या, पण समुद्रावर कामाला येते.

मराठी लिहिण्याचे नियम दोन्ही टोकांच्या लोकांनी आधी ठरवून घ्या. आमचे असे आहेत. दीर्घ स्वराला दोन अक्षरे नाहीत, 'पाणी' हे पीएएनआय, 'होडी' हे एचओडीआय. ळ ला एल, ण ला एन. व नेहमी व्ही. डब्ल्यू मराठीत आम्ही वापरतच नाही, कारण ओ शी होणारा गोंधळ तेवढाच वाचतो. ज ला जे, झ ला झेड. फ ला पी आणि एच. शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला अ गाळायचा, मधला ठेवायचा. यामुळे काल, काळ, कळ, कल सगळे सारखेच दिसतात, मान्य. पण निरोपात कोणी एकटा 'काळ' पाठवत नाही. 'काल होडी आली' यात काय समजायचे ते समजते. गावांची आणि माणसांची नावे मात्र जपून. देवगड, देवबाग दोन्ही इथलीच, आणि घाईत पहिली चारच अक्षरे वाचणारे महाभाग असतात.

दोन सारखी अक्षरे लागोपाठ आली, जसे 'पत्ता', 'कच्चा', तर मध्ये झेंडे अंगासमोर खाली आणून पुन्हा तेच अक्षर करा. नाहीतर वाचणाऱ्याला एकच टी लांबलेला वाटतो.

निरोप पाठवताना

उदाहरण घेऊ: 'होडी परत आणा'. आधी समोरच्याचे लक्ष वेधा, दोन्ही झेंडे बाजूंनी वर-खाली हलवत राहा. समोरच्याने तयार असल्याचे दाखवले की झेंडे अंगासमोर खाली, एकमेकांवर आडवे. ही विश्रांतीची जागा. प्रत्येक शब्दानंतर इथेच यायचे.

आता एच: उजवा २ वर, डावा पोटावरून १ वर. ओ: उजवा हलवायचा नाही, डावा १ वरून छातीसमोरून ३ वर. डी: उजवा सरळ वर, डावा खाली. आय: उजवा ३ वर, डावा पुन्हा आडवा १ वर. विश्रांती. पी: उजवा २, डावा ४. ए: उजवा १, डावा खाली. आर: दोन्ही आडवे. ए. टी: उजवा ३, डावा ४. विश्रांती. ए, मग एन साठी फक्त डावा ७ वर न्या, मग डावा परत खाली. 'आणा' या अख्ख्या शब्दात उजवा हात जागचा हलत नाही. असे शब्द सापडले की बरे वाटते.

अक्षरांच्या मध्ये विश्रांतीला यायचे नाही, एका अक्षरावरून थेट दुसऱ्यावर, जवळच्या वाटेने. पण प्रत्येक अक्षरावर ठळक थांबा, मनात 'एक, दोन' म्हणण्याइतका. हात झटकन हलवा आणि थांबा पूर्ण घ्या. नवखे नेमके उलटे करतात: हात सावकाश तरंगत नेतात आणि थांबत नाहीत. मग वाचणाऱ्याला बी पासून डी कडे जाताना वाटेत सी पण दिसतो. वेगाची घाई करू नका. तुमचा वेग तुम्ही ठरवायचा नसतो, समोर वाचणाऱ्यातला सगळ्यात हळू माणूस ठरवतो.

शब्द कळला की आमच्याकडे वाचणारा सी दाखवतो. सी आला नाही तर तो शब्द पुन्हा. तुम्हीच चुकलात तर ३ आणि ७ ची 'रद्द' खूण करा आणि तो शब्द पहिल्यापासून घ्या. मधल्या अक्षरापासून सुरू करणारे शहाणे वाचणाऱ्याला वेड लावतात.

आकड्यांसाठी आधी ४ आणि ५ ची खूण. त्यानंतर ए म्हणजे १, बी २, असे जी पर्यंत ७, एच म्हणजे ८, आय ९ आणि के म्हणजे शून्य. पहिल्या फेऱ्यातल्या जागांना मी जे क्रमांक दिले तेच हे आकडे, म्हणून वेगळे पाठ करायला नकोत. भरती साडेपाचला आहे हे सांगायचे तर १७३०: आकडे खूण, ए, जी, सी, के. मग जे दाखवून परत अक्षरांत. हा जे विसरला की पुढचे 'होडी' वाचणारा ८ पासून लिहायला लागतो आणि मग ओ ला अडखळतो. बिचाऱ्याच्या चेहऱ्यावरून लांबूनच कळते.

निरोप संपला की ए आणि आर. समोरून आर आला म्हणजे पोचला.

किनाऱ्यावर

पहिल्यांदा बाहेर जाल तेव्हा शाळेच्या मैदानाची दोन टोके पुरेत. तिथे जमले की किनाऱ्यावर जा आणि हळूहळू अंतर वाढवा. दुर्बीण असेल तर ७ बाय ५० ची, म्हणजे सात पट मोठे दाखवणारी, चांगली. जास्त मोठे करून दाखवणारी हातात स्थिर राहत नाही. मुलांच्या एका जोडीला चिवल्याच्या एका टोकाला आणि दुसरीला दुसऱ्या टोकाला उभे केले की मध्ये फिरायला आलेले पर्यटक दोन्हीकडे बघत राहतात. त्यांच्या फोटोंसाठी थांबायचे नाही, हाही प्रशिक्षणाचा भाग.

सूर्य दाखवणाऱ्याच्या पाठीमागे नको. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी समुद्राकडे पाठ करून उभ्या माणसाच्या अंगावर स्वच्छ उजेड पडतो आणि जमिनीच्या बाजूने त्याला वाचणे सोपे. तोच माणूस संध्याकाळी त्याच जागी उभा राहिला तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य. संध्याकाळी दोघांनी किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण उभे राहावे, म्हणजे कोणालाच फायदा नाही आणि कोणालाच त्रास नाही. पाठीमागे माडांची बाग, रंगीत होड्या, माणसांची गर्दी नको. मोकळे आकाश किंवा पाणी हवे. अंगात लाल किंवा पिवळा शर्ट नको, झेंडा छातीवरून गेला की त्यात मिसळून जातो. नौदलाच्या पांढऱ्या कपड्यांवर लाल-पिवळा झेंडा उठून दिसतो, ते उगीच नाही.

वारा समोरून किंवा पाठीमागून असेल तर झेंडा सपाट न राहता पुढे-मागे फडफडतो. जरा बाजूने आला तर उत्तम. दुपारनंतर आमच्याकडे समुद्राचा वारा सुटतो, तेव्हा हलक्या हाताच्या मुलांना दमायला होते. त्यांना मी सकाळीच घेतो.

अंधार पडल्यावर झेंडे दिसत नाहीत. त्या वेळी दोन टॉर्चना पुढे रंगीत प्लास्टिकच्या नळ्या लावून तेच हात करता येतात, विमानतळावर विमाने वळवणाऱ्यांच्या हातात असतात तशा. पण अंधारात शरीर दिसत नाही, फक्त दोन दिवे. एकहाती अक्षरांत खालचा दिवा नीट पायापाशी ठेवा, नाहीतर डी चा के होतो.

पावसाळ्यात किनाऱ्यावरचा वर्ग बंद. तेव्हा शाळेच्या व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन जोड्या, झेंडे भिंतीला टेकवून, रिकाम्या हातांनी. एकीने वर्तमानपत्रातला मथळा पाठवायचा, दुसरीने लिहायचा, मग अदलाबदल. मथळ्यात जोडाक्षरे फार असतात, त्यामुळे जून-जुलैत मुलांना दोन सारख्या अक्षरांमधली विश्रांती चांगली बसते.